"एका तासाचे कसले एवढे पैसे?" विचारणाऱ्या काकांना, रॉटरडॅमहून

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर मी रोज वाचते, म्हणजे मोबाईलवर, आणि बऱ्याचदा ट्रेनमध्येच, कारण जून ते ऑगस्ट मी घरी कमी आणि ट्रेनमध्ये जास्त असते. मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही युरोपातल्या उन्हाळी जॅझ फेस्टिव्हलांवर पानभर फोटो छापलेत, छान होते, आणि तीनच दिवसांनी एका वाचक काकांचं पत्र आलं की ही मंडळी तास-सव्वा तास वाजवतात, एका तासाचे कसले एवढे पैसे, वर फुकटात युरोप फिरायला मिळतो, आपले जुने गवई बघा कशी साधना करायचे वगैरे. काकांचा राग नाही आला, खरंच नाही, कारण माझ्या सख्ख्या मामाचंही हेच मत आहे आणि तो ते दर दिवाळीला फोनवर ऐकवतो. पण मी त्या "मंडळीं"पैकीच एक आहे म्हणून म्हटलं लिहावंच एकदा.

मी मूळची मिरजेची. गेली अकरा वर्षं रॉटरडॅमला राहते आणि डबल बास वाजवते. डबल बास म्हणजे व्हायोलिनचा खापरपणजोबा समजा, माझ्यापेक्षा उंच, तारा चारच, आणि जॅझमध्ये तो गजाने कमी, बोटांनीच जास्त वाजवतात. काम काय, तर खालचा सूर आणि चाल दोन्ही एकट्याने धरून ठेवायची, आपल्याकडे तानपुरा आणि ठेका मिळून जे करतात साधारण तसं. लोकांचं लक्ष ट्रम्पेटवाल्याकडे किंवा गाणाऱ्या बाईकडे असतं, बास थांबला तरच कळतं की काहीतरी चालू होतं. मी बँडची मालकीण नाही, साथीदार आहे, इकडे साईडमन म्हणतात, बाई असले तरी साईडमनच. आणि आईचं कायम एकच, "बासरी शिकली असतीस तर! हरिप्रसादजी तुमच्याच गावात शिकवायचे ना?" शिकवायचे, इथल्या कॉन्झर्व्हेटरीत भारतीय संगीताचा विभाग आहे त्याचे ते प्रमुख होते, बरोबर आहे आईचं. आणि बासरी पर्समध्ये मावते.

तर काकांचा एक तास. या जुलैतलाच एक घेते. आम्ही फिनलंडमध्ये पोरीला वाजवलं. पोरी हे गावाचं नाव आहे, हसू नका, मी घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर "पोरीला पोचले" असं टाकलं तर काकूने विचारलं कुणाच्या. १९६६ पासून तिथे फेस्टिव्हल होतो, नदीतल्या बेटावर मोठं मैदान, आणि जुलैत रात्री साडेदहालाही उजेड, त्यामुळे शरीराला कळतच नाही की दिवस संपला. स्टेजवरून उतरून, सामान भरून, हॉटेलवर येईपर्यंत एक वाजला. लॉबी कॉल पहाटे साडेतीनचा. लॉबी कॉल म्हणजे त्या वेळेला आंघोळ करून, बिल चुकतं करून, बॅग घेऊन खाली हजर, उशीर झाला तर व्हॅन थांबते पण ड्रमर तोंडावर बोलतो. तिथून हेलसिंकी विमानतळ तीन तास, मग रोमचं विमान साडेतीन तासांचं, मग व्हॅनने अडीच तास वर पेरुजाला, डोंगरावरचं जुनं गाव, ज्याच्या जुन्या किल्ल्याच्या पोटातून सरकते जिने वर जातात. उंब्रिया जॅझ तिथलाच, १९७३ चा. संध्याकाळी साऊंडचेक ठरला होता, पण आधीच्या बँडचा लांबला म्हणून आमचा गेलाच, नुसता लाईन चेक, म्हणजे प्रत्येकाने एक-दोन सूर वाजवून दाखवायचे आणि आवाज येतोय ना एवढं बघायचं. मग थांबा. मग साडेनऊला एक तास दहा मिनिटं वाजवलं. तेवढ्या वेळात मी अजिबात दमलेली नसते बरं का, ते तास दहा मिनिटं सोडून बाकी सगळ्याने दमते. म्हणून काका, तो तास मी तुम्हाला फुकट देते, पैसे त्या व्हॅनचे आणि त्या थांबण्याचे घेते.

तुम्ही म्हणाल मार्ग असा वेडावाकडा कशाला आखता, आधी उत्तर उरका मग दक्षिणेला उतरा. आखता आलं असतं तर काय हवं होतं! पण इथे सगळ्या फेस्टिव्हलांचे मुहूर्त एकच. व्हिएन म्हणजे फ्रान्समधलं लिऑनजवळचं, ते जूनअखेर सुरू होतं, स्वित्झर्लंडमधलं मोंत्रो जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, कोपनहेगन तेव्हाच दहा दिवस, आमचं रॉटरडॅमचं नॉर्थ सी जुलैच्या दुसऱ्या वीकेंडला, पेरुजा, पोरी, नॉर्वेतलं मोल्डे हे सगळे त्याच्याच आगेमागे, स्पेनमधलं सान सेबास्तियान महिन्याच्या शेवटी, आणि फ्रान्समधलंच मार्सियाक जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. मे महिन्यातली लग्नं आणि गावात एकच बँडपार्टी असावी तसं आहे हे. त्यात मोठे फेस्टिव्हल करारात अट घालतात की आमच्या आधी-नंतर इतके आठवडे, इतक्या किलोमीटरच्या आत दुसरीकडे वाजवायचं नाही. मग जवळची दोन गावं लागोपाठ घेताच येत नाहीत आणि एजंट नकाशावर उड्या मारत बसतो. एजंटचंही चुकत नाही, त्याला एप्रिलमध्ये जेवढ्या सुपाऱ्या मिळतात तेवढ्या तो घेतो. (सुपारी हा आपला शब्द मी बँडमध्ये शिकवलाय. आमच्या डॅनिश पियानोवाल्याला तो फार आवडला, पण त्याचा दुसरा अर्थ कळल्यावर जास्त आवडला.) नारायणगावला राहुट्या लागतात ना, गावोगावचे पुढारी येऊन यात्रेसाठी तमाशाचे फड ठरवतात, तसंच हे, फक्त राहुटीच्या जागी ईमेल.

आता पैशांचं, कारण काकांचा मूळ मुद्दा तोच. पोस्टरवर ज्याचं नाव मोठ्या अक्षरात असतं त्याची गोष्ट वेगळी, ती मला माहीतही नाही. माझ्यासारखीला एका कार्यक्रमाचे तीनशे-साडेतीनशे युरो, चांगल्या ठिकाणी चारशे. रुपयांत गुणून बघू नका, घरभाडं पण युरोतच आहे. प्रवासाच्या दिवसाचे वेगळे पैसे क्वचित. परदेशी वाजवलं की बहुतेक ठिकाणी त्या देशाचा कर तिथेच कापतात, कलाकार आणि खेळाडूंसाठी तशी मुभाच आहे आंतरराष्ट्रीय करारांत. जर्मनीत तर गंमत अशी की एका कार्यक्रमाचे २५० युरोपर्यंत असतील तर काही नाही, त्याच्या वर गेले की पूर्ण रकमेवर १५ टक्के आणि त्या करावर आणखी सरचार्ज, त्यामुळे २६० देणारा आयोजक मला २५० वाल्यापेक्षा कमी देतो. कापलेला कर घरच्या हिशोबात वळता करता येतो, त्यासाठी दाखले गोळा करायचे, आयोजकाला तीन-तीन मेल करायचे. शिवाय प्रत्येक देशात जाताना ए-१ नावाचा कागद, की हिचा सामाजिक विमा नेदरलँड्समध्ये भरला जातोय. आणि माझा पासपोर्ट अजून आपलाच आहे, त्यामुळे बाकीचे चौघं लंडनला व्हिसाशिवाय जातात आणि मला दोन महिने आधी व्हिसा, आमंत्रणपत्र, बँक स्टेटमेंट. एका वर्षी पासपोर्ट व्हिसासाठी अडकला म्हणून मधले दोन कार्यक्रम दुसऱ्या बासवाल्याला गेले. तो वाजवतो पण चांगला, हेच दुःख.

माझ्या वाद्याबद्दल थोडं लांबण लावते, चालवून घ्या. बास स्वतः दहा-बारा किलोचा, पण विमानासाठी कडक पेटी घातली की बत्तीस किलोच्या वर जायला वेळ लागत नाही, आणि बत्तीसच्या वरचा नग बहुतेक विमान कंपन्या सामानात घेतच नाहीत. मान वेगळी निघणारे बास असतात, महाग असतात, माझा तसा नाही. म्हणून विमानाने जायचं असलं की माझा बास घरी आणि फेस्टिव्हलने दिलेल्यावर वाजवायचं. म्हणजे रोज संध्याकाळी कुणा अनोळखी माणसाचा बास, तारा कुठल्या, घोडी किती उंच, काही ठाऊक नाही, आणि बासच्या पट्टीवर पडदे नसतात, सूर बोटाच्या अंदाजानेच लागतो, तेव्हा अंतर पाव इंच बदललं तरी बेसूर. तबलेवाल्याला स्टेजवर चढल्यावर परका डग्गा देऊन बघा. मी बॅगेत फक्त माझा पिकअप (बासचा आवाज स्पीकरपर्यंत पोचवणारं छोटं यंत्र), गज आणि कपडे वाळत घालायचे चिमटे घेऊन फिरते. चिमटे कशाला, तर उघड्या मैदानावर वारा आला की नोटेशनचे कागद उडतात. नवी पोरं टॅब्लेटवर वाचतात, तर उन्हात तो तापून आपोआप बंद पडतो, मग माझ्याकडे कागद मागायला येतात.

एका फेस्टिव्हलला, नाव घेत नाही, मला जो बास दिला तो दिवसभर उन्हात ठेवलेला. वाजवायला घेतला तर आवाजच नाही, ढब ढब, रिकाम्या डब्यासारखा. आत बघितलं तर खुंट पडलेला. बासच्या पोटात वरच्या आणि खालच्या फळीमध्ये एक लाकडाची काडी नुसती दाबाने उभी असते, चिकटवलेली नसते, फ्रेंच लोक तिला "आत्मा" म्हणतात आणि इटालियनसुद्धा. आत्मा गेला की वाद्य मुकं. स्टेज मॅनेजर घड्याळ दाखवतोय, बँड बदलायला वीस मिनिटं असतात, त्यातली नऊ गेलेली. तेव्हा मला काय आठवलं असेल तर आमची सतारमेकर गल्ली. लहानपणी शाळेतून येताना मी तिथे थांबायचे, कारागीर तानपुऱ्याची जवारी काढताना बघत, घोडी घासायची, सूत सरकवायचं, कान लावायचा, परत घासायची, तासन्‌तास, कुणी घाई केली तर वर न बघता म्हणायचे उद्या या. इथे उद्या नव्हता. मी तारा सैल केल्या, एका वाकड्या तारेने आणि मोबाईलच्या टॉर्चने खुंट उभा केला, अंदाजाने, आणि वाजवलं. वाईट वाजलं. दुसऱ्या दिवशी एका समीक्षणात होतं की बासचा आवाज जरा "मातीचा" होता, म्हणजे स्तुतीच होती ती.

ट्रेनने जायचं तेव्हा माझा स्वतःचा बास नेते, खाली एक चाक लावून ढकलत. प्लॅटफॉर्मवर लोक विचारतात आत कोण आहे. लिफ्ट बंद असली की एक मजला, दोन मजले, पाठीवर. चार मिनिटांत गाडी बदलायची असते आणि मी बास घेऊन पळत नाही, पळूच शकत नाही, त्यामुळे मी कायम एक गाडी आधीची पकडते, म्हणजे परत थांबणं. मला वाटतं मी आयुष्यात बास वाजवण्यापेक्षा त्याच्याशेजारी उभं राहणं जास्त केलंय.

आणि पाऊस. उन्हाळी वादळ आलं की वीज पडायच्या भीतीने स्टेज रिकामं करतात, ते योग्यच आहे. मागच्या वर्षी एका ठिकाणी पाच तास प्रवास करून गेलो, अकरा मिनिटं वाजवलं, वादळ, संपलं. अकरा मिनिटांचे पैसे द्यायचे की नाही यावर ईमेल ऑक्टोबरपर्यंत चालले.

आता चांगलं पण सांगते, नाहीतर काका म्हणतील मग सोड ना. व्हिएनला पहिल्या शतकातलं रोमन थिएटर आहे, डोंगराच्या उतारात कोरलेल्या दगडी पायऱ्या, हजारो माणसं बसतात. दुपारी चेकला गेलो तर दगड तव्यासारखे, आणि रात्री लोक त्याच ऊबेला टेकून ऐकतात. मी एक लांब खालचा सूर लावला आणि तो वरच्या पायरीपर्यंत जाऊन परत येतोय असं वाटलं, पायातून कळतं ते. मार्सियाक तर मला आमच्याकडच्या जत्रेसारखंच वाटतं. दक्षिण फ्रान्समधलं हजार-बाराशे वस्तीचं गाव, मक्याच्या आणि सूर्यफुलाच्या शेतात, रेल्वे स्टेशनसुद्धा नाही, तार्बला उतरून गाडीने जायचं, आणि तिथे १९७८ पासून दर उन्हाळ्यात जॅझ. रात्री मोठ्या तंबूत तिकिटाचे कार्यक्रम, दिवसा चौकात फुकट, आज्या खुर्च्या घेऊन सकाळपासून जागा धरतात, हो, अगदी रुमाल टाकून. विंटन मार्सालिस इतकी वर्षं तिथे येतो की गावाने त्याचा पुतळा उभारलाय. जिवंत ट्रम्पेटवाल्याचा पुतळा! आपण पुतळे भरपूर उभारतो, पण वाजवणाऱ्याचा कितीसा बघितलाय.

नॉर्थ सी माझं घरचं. पॉल आकेट नावाच्या माणसाने १९७६ साली हेगला सुरू केलं, २००६ पासून आमच्याकडे आहॉय नावाच्या प्रचंड हॉलमध्ये आहे, एकाच छपराखाली कितीतरी स्टेज, नाईल, अमेझॉन, काँगो अशी नद्यांची नावं दिलेली. त्या वीकेंडला मी मेट्रोने जाते आणि स्वतःच्या पलंगावर झोपते, घरची शेंगदाण्याची चटणी खाते. ही चटणी दौऱ्यावरही असते, कारण शाकाहारी म्हटलं की स्टेजमागे रोज हमस, म्हणजे वाटलेले काबुली चणे, सात देशांत तोच हमस.

काकांचं आणखी एक वाक्य होतं की हे आपलं नव्हेच. याला मात्र हरकत आहे. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये लिऑन ॲबीसारखे कृष्णवर्णीय अमेरिकन कलाकार बँड घेऊन यायचे, त्यांच्याकडून आणि रेकॉर्डींवरून गोव्याच्या पोरांनी हे उचललं. साहेब लोक उन्हाळ्यात मसुरी-सिमल्याला गेले की हॉटेलचे बँडही मागोमाग वर जायचे, म्हणजे उन्हाळी सीझनचा दौरा त्यांनी कधीच केलाय, आगगाडीने, ट्रंका घेऊन. त्यातला ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, पुढे आपल्या सी. रामचंद्रांकडे वाजवायचा, म्हणजे काकांनी तरुणपणी ज्यावर ठेका धरला असेल त्यात जॅझ होतंच. १९७८ ला मुंबईत जॅझ यात्रा सुरू झाली, तिचं नावच यात्रा. आणि शोभा गुर्टूंची ठुमरी काकांना नक्की आवडत असणार, त्यांचा मुलगा त्रिलोक हा आज इकडच्या फेस्टिव्हलांतला मोठा तालवादक आहे.

आता तुमच्याकडे माझी एक तक्रार आहे साहेब, आणि खरं तर त्यासाठीच हे पत्र. मी लहान असताना तुमच्या पेपरमध्ये मैफलीची बातमी आली की शेवटची ओळ ठरलेली असायची, "त्यांना तबल्यावर अमुक, हार्मोनियमवर तमुक आणि तानपुऱ्यावर अमुक यांनी साथसंगत केली." तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्येचंसुद्धा नाव! मिरजेला दर्ग्याच्या उरसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने गाणं व्हायचं, आम्ही चिंचेच्या झाडाखाली बसून ऐकायचो, दुसऱ्या दिवशी बाबा पेपर उघडून पहिल्यांदा ती शेवटची ओळ वाचायचे, त्यांचा मित्र तबला वाजवायचा म्हणून. इकडे पोस्टरवर एक नाव आणि खाली "आणि बँड". मला वाटायचं आपल्याकडे तरी असं नाही. पण तुमच्या त्या पानावर आठ फोटो होते, आठ स्टार, आणि त्यांच्यामागे अठ्ठावीस-तीस माणसं वाजवताना दिसतायत, मी मोजली. एकाचंही नाव नाही. एका फोटोत मागे जी डबल बासवाली आहे, अर्धा चेहरा झांजेमागे, ती मी नाही, पण मी तिला ओळखते, तिच्या बासचं चाक एकदा मी दुरुस्त केलंय. ती शेवटची ओळ परत चालू करा. जागा नसेल तर माझ्या पत्रातलं त्या हमसचं वगैरे कापून टाका.

हे सगळं ट्रेनमध्ये टाईप केलंय, शुद्धलेखन बघून घ्या. उतरायला सात मिनिटं आहेत, बास दाराशी नेऊन उभा करायचाय आणि दारात एका बाईंची बाबागाडी आहे, आधी कोण उतरणार ते आमचं खुणांनी ठरतंय.

आपली,
एक वाचक, मिरज (सध्या रॉटरडॅम, म्हणजे सध्या कोलोनच्या अलीकडे)